पिकअप ॲव्हरेज देत नाही

दर्यापूर
६ ऑक्टोबर २०२४

दीक्षा,

जयभीम.

हे पत्र बापाचं समजू नको. गाडीवाल्यानं मेकॅनिकले लिहिलं असं समज. फोन लावला असता, पण तू अकोल्याच्या एस.टी. वर्कशॉपात लागली तेव्हापासून दोन वर्षं आपलं फोनवर बोलणं नाही. आता गाडीचं निमित्त करून बोलू लागलो तर तुह्या आईले वाटेल मी हारलो. म्हणून लिहून राहिलो. अकोला गाडीवरचा गोपाल ड्रायव्हर रोज तुमच्या डेपोत येते, त्याच्या हातानं पाठवतो. उत्तर द्यायचं तर त्याच्याच हातानं दे.

गोष्ट अशी की पिकअप ॲव्हरेज देत नाही. तुले माहीत आहे, भाजीचा पूर्ण लोड घेऊन अमरावतीले जाऊन येऊन तेरा-साडेतेरा पडत होतं. उन्हाळ्यापर्यंत बरोबर होतं. पोळ्यानंतर बसलं. अकरा, मग दहा, आता साडेनऊ. डिझेल गळत नाही, टाकीखाली पुठ्ठा ठेवून पाहिला. काळा धूर नाही. इंजिनच्या ताकदीत फरक नाही, चढावर ओढते.

इथल्या तिघांले दाखवली. एक म्हणते नोझल गेले. दुसरा म्हणते पंप खोला. तिसरा म्हणे, काका, गाडी म्हातारी झाली, काढून टाका. सात वर्षांची गाडी म्हातारी होते का? माह्यासारखीच भाजी नेणाऱ्या भगवंतची गाडी माह्यापेक्षा जुनी आहे, आणि मजेत चालून राहिली.

गोपाल म्हणत होता की तुमच्या डेपोत एखाद्या गाडीचं काही समजलं नाही की साहेब लोक तुले बोलावतात. खरं-खोटं मले माहीत नाही. खरं असेल तर सांग, आधी काय पाहू?

बाकी तुह्या नोकरीबद्दल माह्यं मत होतं तेच आहे. मी तीस वर्षं स्टेअरिंग धरलं ते तुह्या हाती पुस्तक राहावं म्हणून. तू कॉलेज अर्धं सोडून पाना धरला. ते असो. गाडीचं लिही.

मोतीराम वानखडे

*

अकोला
८ ऑक्टोबर २०२४

श्री. मोतीराम वानखडे, पिकअपचे मालक, यांस

सविनय जयभीम.

गाडीवाल्यानं मेकॅनिकला लिहिलं, म्हणून मेकॅनिक उत्तर देत आहे. नोझल आणि पंप खोलायची घाई अजिबात करू नका. धूर नाही, ओढ कमी नाही, स्टार्टिंगबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही म्हणजे तेही ठीक असणार. नोझल गेलेली गाडी इतकी गुण्यागोविंदानं वागत नाही. महागडं काम शेवटी, फुकटचं काम आधी, हे मला इथल्या एका जुन्या हेड मेकॅनिकनं शिकवलंय.

सगळ्यात आधी ॲव्हरेज नीट मोजा. अंदाजानं नको. एकाच पंपावर, एकाच मशीनवर टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, तीन फेऱ्या मारा, पुन्हा तिथंच तोंडापर्यंत भरा. जेवढं डिझेल बसलं तेवढंच जळलं. मग भागाकार.

त्यानंतर सकाळी गाडी थंड असताना चारही चाकांची हवा पाहा. गरम टायरची हवा खोटं बोलते. एअर फिल्टर काढून उजेडाकडं धरा. आरपार उजेड दिसला नाही तर तो श्वास कोंडून धावतोय असं समजा.

आणि एक काम लक्ष देऊन करा. दहा-बारा किलोमीटर चालवून, ब्रेक जोरात न मारता, गाडी हळूहळू थांबवा. उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर त्याचा ब्रेक धरून बसलाय. डिझेल तिथं जातंय.

जे सापडेल ते लिहा. आईला सांगा मी जेवते वेळेवर.

दीक्षा वानखडे, मेकॅनिक

*

दर्यापूर
१९ ऑक्टोबर २०२४

दीक्षा,

जयभीम.

तू म्हटलं तसं सारं केलं. मागच्या दोन चाकांत हवा कमी निघाली. फिल्टर उजेडाकडं धरला तर उजेड काही दिसला नाही, तुह्या आईनंच सांगतलं की हा तर मातीचा रोट झाला आहे. नवा टाकला. मागचं उजवं चाक गरम लागलं. इतकं की हात जवळ नेला तरी चटका. खोललं तर ब्रेकचे लायनर ड्रमले घासून राहिले होते. साफ करून बसवले. हे काम तुह्यामुळं सापडलं, ते तिघंही पंप-पंप करत बसले होते. मेकॅनिक आहेस, मानलं.

पण मग टाकी-टू-टाकी मोजलं. दहा पॉइंट सहा. अजून तीन कुठं गेले?

मले वाटते रस्त्याचाही दोष आहे. यंदा रस्त्यावर पांढरे पट्टे मारलेच नाहीत, कडा समजत नाही. आणि आताच्या गाड्यांले जे पांढरे लाइट येते ते सरळ डोक्यात घुसते. म्हणून मी आता पाचले निघत नाही, उजाडल्यावर निघतो. अमरावतीत पोचतो तोपर्यंत अर्धा बाजार झालेला राहते. मेथी-सांबारच्या हिरव्या जुड्या तोवर मान टाकतात. शेतकरी लोक कुरकुर करतात, दोघं-तिघं भगवंतच्या गाडीत माल टाकू लागले. पण घाई करून काय करायचं.

डाव्या बाजूचा आरसा फुटला होता, तो नवा लावला. बाभळीची फांदी लागली होती.

दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर गेलो होतो, तुह्या आईले घेऊन. दरवर्षी गाडी नेतो, यंदा एस.टी.नं गेलो. डिझेल वाचवलं. तुही आई गर्दीत सारखी मागं वळून पाहत होती, तू येशील असं वाटून. तुले सुट्टी नव्हती असं ती म्हणे.

तुह्या पत्राची ती ओळ, गरम टायरची हवा खोटं बोलते, ती मी भगवंतले वाचून दाखवली. म्हणजे तुह्या आईनं वाचली, मी ऐकत होतो. हसला.

पुढचं सांग.

मोतीराम

*

अकोला
२१ ऑक्टोबर २०२४

बाबा,

जयभीम. मालक यांस वगैरे आता पुरे.

लायनर घासत होते हे ऐकून बरं वाटलं. पण साडेतेरा आणि दहा पॉइंट सहा यात फार अंतर आहे. हवा, फिल्टर, ब्रेक झाले. माल तेवढाच, रस्ता तोच. म्हणून आता जी तपासणी राहिली तीच सांगते. आमच्याकडं गाडीत काही सापडलं नाही की आम्ही शेवटी ती करतो.

एकदा भगवंतकाकांना तुमची गाडी चालवू द्या. तेवढाच लोड, तोच रस्ता, तीच वेळ. तुम्ही शेजारी बसा. जाऊन या आणि टाकी भरा. त्यांच्या हातानंही दहाच पडले तर दोष गाडीत आहे, मग मी स्वतः येऊन पंप खोलेन.

आणि त्यांच्या हातानं जास्त पडले तर तेही लिहा. त्यात कमीपणा नाही.

दसऱ्याला मला सुट्टी होती. मीच आईला नाही म्हटलं होतं. तुम्ही बोलणार नाही आणि मी पण बोलणार नाही, मग तिला दोघांच्या मधून चालावं लागलं असतं. खरं ते सांगितलं.

दीक्षा

*

दर्यापूर
१० नोव्हेंबर २०२४

दीक्षा,

तुहं पत्र येऊन वीस दिवस झाले. पहिले आठ दिवस मी ते पत्र कोठीच्या मागं टाकलं होतं. काहून, ते तुले समजत असेल. तीस वर्षं गाडी चालवली. एकदा खरोंच नाही. माह्याच गाडीत मले साइडले बसवून दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग द्यायचं, आणि ते सांगणारी कोण, तर माही पोट्टी.

मग तुही आई म्हणे, डॉक्टरनं रक्त तपासायले सांगतलं तर तुम्ही डॉक्टरवर रुसता का? म्हणून गेलो.

भगवंतनं चालवली. मी साइडले बसलो. तेरा पॉइंट एक पडले. घे, लिहिलं.

पण भगवंत चालवते कसा ते ऐक. गावाबाहेर पडला की पाचवा गिअर. सरळ पन्नास-पंचावन्न. समोरून गाडी आली तरी ब्रेकवर पाय नाही. मी त्याले दोन वेळा म्हटलं, अरे हळू, तो ट्रक पाहा. तो म्हणे, पाहून राहिलो ना दादा, अर्धा किलोमीटर दूर आहे. मी दाराचं हँडल गच्च धरून बसलो. मी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच चालवतो, लई झालं तर चौथा, आणि पाय ब्रेकवर ठेवतो. माणसानं बेतानं चालवलं पाहिजे. मी काय म्हणतो, बेतानं चालवण्याले थोडं डिझेल जास्त लागत असेल तर लागू दे.

गाडी ठीक आहे. तुहं काम झालं. आता लिहायची गरज नाही.

मोतीराम वानखडे

*

अकोला
१२ नोव्हेंबर २०२४

बाबा,

काम झालं नाही. ज्या मेकॅनिकला अर्धा दोष सापडला तो गाडी सोडत नाही.

तुमची तिन्ही पत्रं मी काल जेवणाच्या सुट्टीत वर्कबेंचवर शेजारी शेजारी ठेवली. तिन्ही एकाच वहीची पानं आहेत, रेघा मारलेली. पहिल्या पत्रात अक्षर रेघेवर आहे. दुसऱ्यात रेघ सोडून खाली उतरलंय. तिसऱ्यात दोन ओळी एकमेकींवर चढल्यात आणि अक्षर दुप्पट मोठं झालंय. मी लहान असताना तुम्ही मला लिहून द्यायचे तो कित्ता मला आठवतो. तुमचं अक्षर असं कधीच नव्हतं.

मग मी पत्रं पुन्हा वाचली. रस्त्यावर पट्टे नाहीत असं तुम्ही लिहिलं. मी गोपालभाऊंना विचारलं, त्यांची गाडी अमरावती रस्त्यालाही जाते. ते म्हणाले, पट्टे तर आहेत, चांगले ठळक आहेत. फिल्टरमधून उजेड दिसला नाही, पण त्यावर माती बसली आहे हे आईनं सांगितलं. माझं पत्र आईनं वाचलं. समोरच्या गाडीचा लाइट डोक्यात घुसतो. तीस वर्षांत पहिल्यांदा नागपूरला गाडी नेली नाही. आणि अर्धा किलोमीटर दूरचा ट्रक तुम्हाला अंगावर आल्यासारखा वाटला.

बाबा, तुम्हाला नीट दिसत नाहीये. मला वाटतं मोतीबिंदू असावा. मी डॉक्टर नाही, पण दिव्याची काच धुरकट झाली की उजेड कसा फाटतो ते रोज पाहते.

आमच्याकडे ड्रायव्हर लोकांचे डोळे ठरावीक दिवसांनी तपासतात. मागच्या वर्षी एका काकांनी, बावीस वर्षं नोकरी झालेली, कुणाला कळू नये म्हणून तक्ता पाठ केला होता. डॉक्टरांनी तक्ता बदलला तेव्हा कळलं. ते खुर्चीत बसून रडले, नोकरी गेली म्हणून. गेली नाही. ऑपरेशन झालं, आता पुन्हा लांबच्या गाडीवर आहेत.

म्हणून एक तपासणी सांगते. दुपारी, चांगल्या उजेडात, आईला घेऊन दर्यापूरच्या स्टँडवर जा. उभ्या बसपासून वीस पावलं मागं या. एक डोळा हातानं झाका आणि पाटी वाचा. मग दुसरा झाका. आई शेजारी उभी राहील आणि बरोबर की चूक ते सांगेल. जे येईल ते जसंच्या तसं लिहा. खोट्या रीडिंगवर मेकॅनिकला काम करता येत नाही.

तोपर्यंत गाडी चालवू नका. हे मात्र मी मेकॅनिक म्हणून सांगत नाही.

तुमची दीक्षा

*

दर्यापूर
१ डिसेंबर २०२४

दीक्षा,

जयभीम. हे पत्र मी दोन दिवस लिहून राहिलो. एक एक ओळ, दुपारच्या उन्हात अंगणात बसून.

रीडिंग असं आहे. उजवा डोळा, वीस पावलं, काही नाही. बसचा लाल रंग दिसला, पाटी दिसली नाही. दहा पावलं, तरी नाही. डावा डोळा, वीस पावलं, पाटी आहे एवढं समजलं. दहा पावलांवर मी 'अकोट' वाचलं. तुही आई म्हणे, अंजनगाव आहे. 'अ' तेवढा बरोबर होता.

ती तिथंच स्टँडवर बाकावर बसली. मले वाटलं रागावेल. तर म्हणते, "मले वाटे तुम्ही माह्याकडं पाहून न पाहिल्यासारखं करता. पोरीचा राग माह्यावर काढून राहिले असं वाटे." चार महिने ती हे मनात घेऊन बसली होती, आणि मी तिले दारात उभी राहिली तरी ओळखत नव्हतो, आवाज आल्यावर ओळखत होतो.

आता जे तुले सांगतलं नाही ते सांगतो. आरसा बाभळीनं फुटला नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी, पहाटे, खल्लारच्या पुढं पुलाजवळ समोरून ट्रक आला. त्याच्या लाइटचा एक मोठा पांढरा गोळा झाला. त्या गोळ्यात रस्ता नाही, काही नाही. गोळा गेला आणि एकदम समोर सायकल. मी स्टेअरिंग ओढलं. तरी आरसा त्याच्या हँडलले लागला. सायकलवाला बाजूच्या सोयाबीनमध्ये जाऊन पडला. दूधवाला होता, तुह्याच वयाचा असेल. दुधाची कॅन रस्त्यावर सांडली.

मी उतरून पळत गेलो. त्याच्या कोपराले खरचटलं होतं, बाकी काही नाही. मी त्याले उभं केलं, सायकल उचलली, हँडल पायात धरून सरळ केलं. तो रागानं म्हणे, "काका, दिसत नाही का तुमाले?" लोक असं म्हणतातच. पण मी तिथं उभा राहिलो आणि मनात म्हटलं, नाही दिसत.

तेव्हापासून तिसरा गिअर. तेव्हापासून पाय ब्रेकवर. लायनर काहून घासले ते आता तुले समजलं असेल. पुढच्या दहा हातांपलीकडं काय आहे ते मले माहीत नसे, मग मी दहा हातांत थांबता येईल एवढंच चालवत होतो.

कोणाले सांगू? भगवंतले सांगतलं तर साऱ्या स्टँडवर होते. तुह्या आईले सांगतलं तर ती चावी लपवते. आणि गाडी सोडून मले काय येते? ऑपरेशन केलं आणि जे दिसते तेही गेलं तर? माह्या बापाचा डोळा असाच गेला होता, गावातल्या कोणीतरी औषध टाकलं होतं. म्हणून मी ॲव्हरेजच्या मागं लागलो. दोष गाडीत निघाला असता तर बरं झालं असतं.

चावी मी काल तुह्या आईजवळ दिली. तिनं लपवली नाही, देव्हाऱ्यासारखी जागा आहे ना तिची, बुद्धाच्या फोटोजवळची, तिथं ठेवली.

मले भेव लागून राहिलं. ते लिहिलं. रीडिंग खरं पाहिजे म्हणाली होतीस.

तुहा बाबा

*

अकोला
२ डिसेंबर २०२४

बाबा,

तुमचं पत्र गोपालभाऊंनी सकाळी दिलं आणि मी ते पिटमध्ये, बसच्या खाली उभी राहून वाचलं. वर यायला मला वेळ लागला.

तो दूधवाला उभा राहिला आणि तुमच्यावर ओरडला, याचे उपकार मानूया. आणि तुम्ही पळून गेला नाहीत, उतरलात, हँडल सरळ करून दिलंत. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण तुम्ही लिहिलं ते बरं झालं.

आजोबांचा डोळा मोतीबिंदूनं गेला नव्हता, त्या औषधानं गेला होता. आजीनं मला सांगितलं होतं. आता वेगळं आहे. धुरकट झालेलं भिंग काढतात, नवं बसवतात. त्याच दिवशी घरी. मी आज दुपारी फोनवरून अमरावतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचा नंबर लावलाय, सोमवारी नऊ तारखेला. आधी डॉक्टर पाहतील, साखर तपासतील, मग ठरवतील. आधी उजवा डोळा, मग काही आठवड्यांनी डावा, असंच बहुतेक करतात. ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणत नाहीत तोपर्यंत गाडी नाही.

त्या काळात गाडी उभी राहणार नाही. माझी पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे, साहेबांनी मंजूर केली. मी येते. माल मी नेईन. लायसन्स तर तुम्हीच काढून दिलं होतं, अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात. मेथी-सांबारवाल्यांना निरोप द्या, दहा तारखेपासून गाडी पाचला निघेल.

तुम्ही खरं लिहिलं, तर मीही एक लिहिते. ऑक्टोबरमध्ये तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या पेटीत राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला होता. आमच्या सेक्शनला मी एकटीच मुलगी. काम जमत नाही म्हणून नाही, काम जमतं. पण एखादी गाडी मी नीट केली की कुणीतरी जाऊन पुन्हा बोल्ट तपासायचं, मी घट्ट केलेला. रोज. घरी सांगायची सोय नव्हती, तुम्ही म्हणाला असता, मी सांगितलंच होतं. त्या दिवशी तुम्ही लिहिलं, आधी काय पाहू? मला त्या वर्कशॉपात इतक्या दिवसांत असं कुणी विचारलं नव्हतं. गोपालभाऊंनी जे सांगितलं ना, साहेब लोक मला बोलावतात, ते त्यांनी वाढवून सांगितलं होतं. तेव्हा कुणी बोलावत नव्हतं.

तो कागद मी फाडला. मला पुस्तक सोडायचं नव्हतं बाबा. इंजिन हेच मला वाचता येत होतं.

रविवारी संध्याकाळच्या गाडीनं येते.

दीक्षा

*

अकोला
२८ डिसेंबर २०२४

बाबा,

सुखरूप पोचले. आईनं दिलेला ठेचा डब्यात सांडून सगळ्या कपड्यांना लागला, रूममधल्या मुली खूश आहेत.

ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्यात ड्रॉप दिवसातून चार वेळा, आठवत नसेल तर आईला विचारा. डोळा चोळायचा नाही, वाकून चाकाखाली पाहायचं नाही. मी निघताना तुम्ही जॅक काढत होतात ते मी खिडकीतून पाहिलं.

अमरावतीच्या फेऱ्यांचा हिशोब वहीत लिहून ठेवलाय. पूर्ण लोड, बारा फेऱ्या, तेरा पॉइंट चार. नोझल आणि पंप कंपनीतून आले तसे बंद आहेत, कुणाला हात लावू देऊ नका. भगवंतकाकांचा भाचा नितेश पुढचा महिना गाडी चालवेल, त्याचा हात चांगला आहे, मी शेजारी बसून पाहिलंय. फक्त क्लचवर पाय ठेवून बसतो, त्याला टोका.

एक सांगायचं राहिलं. पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही हट्टानं माझ्यासोबत बाजारात आलात, साइडला बसून, काळा चष्मा लावून. वलगावच्या अलीकडं तुम्ही एकदम म्हणालात, थांब. मी घाबरून गाडी बाजूला घेतली. तुम्ही खाली उतरलात आणि नुसते उभे राहिलात, फुललेल्या तुरीच्या शेताकडं तोंड करून. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात काही नाही, पिवळा पाहून राहिलो. त्या वेळी मी नुसती स्टेअरिंग धरून बसले. पण मला ते रोज आठवतं.

दीक्षा

*

दर्यापूर
२ फेब्रुवारी २०२५

बेटा दीक्षा,

जयभीम.

डाव्या डोळ्याचंही परवा होऊन गेलं. यावेळी भेव नाही वाटलं, उलट माह्या शेजारी एक आजी रडत होत्या, त्यांले मीच समजावत होतो, जसा काही मी डॉक्टर. हे पत्र उजव्या डोळ्यानं लिहून राहिलो, डाव्यावर झाकण आहे. रेघेवर आहे का पाहा.

काय काय दिसते ते सांगू? घराचा रंग निळा आहे, मी तो राखाडी समजत होतो. तुह्या आईचे कानाजवळचे केस पांढरे झाले, ते मले माहीत नव्हतं, तिले म्हटलं तर ती म्हणे, तुमचे काय काळे आहेत? आणि रस्त्यावर पट्टे आहेत. चांगले ठळक.

तो दूधवाला सापडला. नितेशच्या गाडीत साइडले बसून जाताना मी रोज खल्लारच्या पुलाजवळ सायकली पाहत होतो. परवाच्या आधीच्या दिवशी दिसला. गाडी थांबवली. त्यानं मले ओळखलं आणि एक पाय टेकवून उभा राहिला. मी सांगतलं, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं दिसत नाही का, तर मले खरंच दिसत नव्हतं, आता ऑपरेशन केलं. तो सायकलवरून खाली उतरला. मग म्हणे, "काका, माह्या आजीले पण संध्याकाळचं दिसत नाही, ती पण कोणाले सांगत नाही. कुठं केलं?" मी त्याले दवाखान्याचा पत्ता दिला. पुढच्या आठवड्यात आजीले घेऊन आपल्याच गाडीनं येणार आहे तो. मेथीच्या गाठोड्यांमध्ये एक जागा करून देऊ.

स्टँडवर मी साऱ्यांले सांगून टाकलं. लपवून काय झालं होतं ते पाहिलं. महादेवराव, जे काळी-पिवळी चालवतात, ते हसले आधी. मग संध्याकाळी एकटे आले आणि बसची पाटी किती पावलांवरून वाचायची असते ते विचारून गेले.

डॉक्टर म्हणे, महिन्याभरानं नंबर काढू, मग हळूहळू गाडी चालवा. घाई नाही मले. गाडी चालून राहिली, कोणाच्या हातानं चालते त्यानं काय फरक पडते. नितेशले क्लचचं टोकतो.

आता मुख्य गोष्ट. येत्या शनिवारी अकोल्याले येतो म्हणतो. तुही आई पण येते. तुह्या रूमवर नाही, ते नंतर. आधी मले तुमचं वर्कशॉप पाहायचं आहे. तो पिट पाहायचा आहे, जिथं बसच्या खाली उभी राहून तू काम करतेस. आता दिसते तर पाहून घ्यावं.

गोपाल म्हणते वर्कशॉपच्या गेटवर वॉचमन असते, कोणालेही आत सोडत नाही, कोण पाहिजे, काय काम, सारं विचारते, वहीत नाव लिहून घेते. मी म्हटलं, लिहू दे. सांगीन, मेकॅनिक दीक्षा वानखडेचा बाप आलो.

तुहा बाबा